पागोळीच्या पाण्यावरचे स्वामित्व

छपरावर पडलेला पाऊस कुंपणाबाहेर वाहून गेला, की घरमालकाचे त्याच्याविषयीचे दायित्व संपते काय, हा प्रश्न वरकरणी गटारव्यवस्थेचा वाटला तरी मुळात तो स्वामित्वाच्या स्वरूपाचा आहे. शंभर चौरस मीटरच्या छपरावर 25 मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे 2500 लिटर पाणी पन्हळीतून उतरते, आणि मुरण्याची वाट बांधकामाने बुजवलेली असल्यामुळे ते तेल, खत व सैल माती घेऊन उताराकडे धावते.

या पाण्यासाठी अमेरिकेतील मेरिलंड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत 1990 च्या सुमारास ‘रेन गार्डन’ म्हणजे पर्जन्यबाग आकाराला आली. घराच्या पायापासून निदान तीन मीटर दूर, 15 ते 20 सेंटिमीटर पाणी मावेल असा पसरट खळगा करून त्यात झिरपणारी माती घालतात, आणि ओल व कोरड दोन्ही सोसणाऱ्या स्थानिक वनस्पती लावतात. पाणी एक-दोन दिवसांत जिरलेच पाहिजे, नाहीतर बागेचे डबके होते.

रोमन कायद्याने बारा फलकांच्या संहितेपासूनच पावसाच्या पाण्याविषयीचा दावा मान्य केला होता: शेजाऱ्याच्या कृत्रिम बांधकामाने पाण्याचा स्वाभाविक प्रवाह बदलून शेताला धोका झाला, तर दाद मागता येई. परंतु अशा दाव्याला ओळखता येणारा शेजारी लागतो; मेरिलंडलगतच्या चेसापीक उपसागराला गढूळ करणाऱ्या असंख्य छपरांपैकी प्रत्येकाचा वाटा इतका क्षुल्लक, की अपकाराच्या न्यायाने सारेच निर्दोष ठरतात.

येथे धर्मशास्त्रातील ‘उत्सर्ग’ ही संकल्पना अधिक कामाची आहे. विहिरी, तळी, बागा लोकांसाठी करणे हा पूर्तधर्म. मात्र दानात एकाचे स्वामित्व जाऊन दुसऱ्याचे निर्माण होते, तर उत्सर्गात कर्ता ते सर्वांसाठी सोडतो आणि स्वतःही सर्वांपैकी एक म्हणूनच पाणी घेतो. महाराष्ट्रात रुळलेल्या ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषणेतील दोन क्रियापदांमध्ये हाच भेद लपलेला आहे, कारण अडवण्यात ताबा आहे आणि जिरवण्यात त्याग. (टाकीत साठवलेले पाणी ही बचत होय, ती स्तुत्य असली तरी उत्सर्ग नव्हे.) तळे बांधणाऱ्याला तहानलेला वाटसरू निदान दिसतो, पर्जन्यबागेचा लाभार्थी मात्र अदृश्यच राहतो.

यावर आक्षेप असा, की प्रिन्स जॉर्जेस काउंटीतील सॉमरसेट वसाहतीत पर्जन्यबागांची पद्धत रुजली ती पावसाचे पाणी अडवणाऱ्या मोठ्या तलावांपेक्षा स्वस्त पडली म्हणूनही, आणि संकल्पावाचून उत्सर्ग संभवत नाही. आक्षेप खरा आहे. पाणी मुरताना हेतू विचारत नाही. पण खळग्यात दरवर्षी गाळ बसतो, तण माजते, आणि खणण्याचा खर्च वाचल्याचे समाधान तो गाळ उपसायला पुरत नाही. धर्मशास्त्रकारांनी जुन्या तळ्याच्या जीर्णोद्धारालाही पुण्यकर्म मानले आहे, आणि संकल्पाची खरी गरज पडते ती घर विकत घेऊन त्या खळग्यावर सपाट हिरवळ पसरू पाहणाऱ्या पुढच्या मालकाला.