न पाहिलेली मुंबई

दिवाळी आली की मुंबईकराच्या घरी फराळाच्या डब्यांबरोबर पाहुणेही येतात, आणि पाहुण्यांबरोबर एक ठरलेला प्रश्न येतो : "मग, मुंबई दाखवणार ना?" गेटवे, राणीचा बाग, चौपाटी ही यादी त्यांनी गाडीत बसण्यापूर्वीच केलेली असते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान सांगलीकडचे. ते दर दोन वर्षांनी येतात आणि दर वेळी गेटवेसमोर उभे राहून त्याच कोनातून छायाचित्र काढतात. एका दिवाळीत मला काय वाटले कोण जाणे, मी म्हणालो, "दाजी, ही मुंबई तुम्ही सिनेमातही पाहिली आहे. यंदा तुम्हांला मुंबईकरांनीसुद्धा न पाहिलेली मुंबई दाखवतो."

त्या दिवसापासून आमच्या नात्यागोत्यात माझी वाटाड्या म्हणून ख्याती झाली. मी मॅट्रिकपर्यंतच्या शिदोरीवर मास्तरकी करणारा माणूस. मास्तरकीतून वाचलेल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या. त्या किती जणांनी वाचल्या हे विचारू नये. पण दाजी गावी जाऊन "आमच्या मास्तरांना ठाऊक नाही अशी मुंबईत जागा नाही" असे सांगू लागले, तेव्हा मला जे सुख झाले ते एकाही कादंबरीने दिले नव्हते. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे जे सांगायचे आहे ते या सुखाबद्दलच आहे.

पहिल्या खेपेला मी त्यांना बोरिवलीजवळच्या एकसर गावी नेले. गाव म्हणायचे ते सवयीने. आता चहूकडे इमारती आहेत. पण तिथे वीरगळ उभे आहेत, आणि त्यांतले मोठे चांगले पुरुषभर उंचीहून अधिक आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभा केलेला कोरीव दगड. आपल्या घाटावर गावोगावी ते सापडतात आणि त्यांवर घोडेस्वार, ढाल-तलवारी, चोरांनी पळवलेल्या गाई असे काही असते. एकसरला मात्र दगडावर गलबते आहेत. ओळीने गलबते, त्यांची वल्ही, त्यांत शस्त्रे घेऊन उभी असलेली माणसे. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खाली लढाई, त्यावर पडलेले वीर, त्यावर त्यांना घेऊन जाणाऱ्या अप्सरा, आणि अगदी वर शिवाची पूजा. काही अभ्यासक या दगडांत तेराव्या शतकातले शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यातले आरमारी युद्ध पाहतात. त्या युद्धात सोमेश्वर समुद्रात बुडाला. लोकलच्या गर्दीत घामाघूम झालेल्या दाजींना मी हे सगळे हातवारे करून सांगितले. ते थक्क झाले. मी प्रसन्न झालो.

तेवढ्यात फुलांची परडी घेऊन एक म्हातारी आली. आमच्यामधून वाट काढून तिने एकेका दगडापुढे फूल ठेवले, आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "बघून झालं का? मग हात जोडा की." दाजींनी लगेच चपला काढल्या. मी मात्र क्षणभर अडखळलो. मला त्या दगडांचे शतक ठाऊक होते, राजे ठाऊक होते, पण हात जोडायचे सुचले नव्हते. परतताना गाडीत दाजींनी हा प्रसंग बहिणीला हसत हसत सांगितला. मीही हसलो, आणि विसरून गेलो.

विसरू नये असे जे घडले ते पुढे अंधेरीला.

अंधेरी पश्चिमेला दाट वस्तीच्या मधोमध गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या पाषाणाचा सुळका आहे. उंची सुमारे दोनशे फूट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जो लाव्हा उसळला त्याच काळातला हा बेसॉल्ट. तापलेला रस थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या चिरा गेल्या. म्हणून सगळा डोंगर एकमेकांना टेकून ठेवलेल्या उभ्या खांबांचा दिसतो, जणू कोणी प्रचंड मोठ्या पेन्सिलींची जुडी बांधून ठेवली आहे. अमेरिकेत वायोमिंग प्रांतात डेव्हिल्स टॉवर नावाचा असाच एक सुळका आहे. तो पाहायला लोक लांबून जातात. आमच्या सुळक्यावर गावदेवीचे देऊळ आहे, पायऱ्या खडकातच खोदलेल्या आहेत, आणि वर पोचले की सारे पश्चिम उपनगर पायांखाली दिसते.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीची सुट्टी संपल्यानंतर, मी माझ्या सातवीच्या वर्गाला तिथे घेऊन गेलो. चाळीस मुले, दोघे शिक्षक. आमची शाळा तिथून फार दूर नाही. तरी डोंगर जवळून पाहिलेली मुले थोडी होती. पायथ्याच्या गल्लीतून आम्ही रांगेने चाललो. दारांत बसलेल्या बायका आमच्याकडे पाहत होत्या, मुले घरांत डोकावत होती. डोंगराची सरळ तुटलेली बाजू दिसली तेव्हा मी रांग थांबवली आणि शिक्षकाचा आवाज काढला. लाव्हा सांगितला, कोटी वर्षे सांगितली, आणि मग त्या तुटलेल्या कड्याकडे बोट करून म्हणालो, "हा डोंगर पूर्वी केवढा तरी मोठा होता. पण काही अडाणी आणि लोभी माणसांनी खडीसाठी तो फोडून खाल्ला. साडेसहा कोटी वर्षं टिकलेली वस्तू माणसानं पन्नास वर्षांत संपवली. शेवटी २००७ साली महापालिकेनं त्याला वारसा म्हणून संरक्षण दिलं, म्हणून एवढा तरी उरला." मुलांनी हे वहीत उतरवून घेतले. वाक्य मला स्वतःलाच आवडले होते. 'फोडून खाल्ला' हे विशेष.

रांगेच्या शेवटी एक मुलगा वही न उघडता उभा होता. अभ्यासात बरा, बोलायला कमी. मी त्याच्यावर डाफरलो असेन. आता नीट आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "सर, तो डोंगर माझ्या आजोबांनी फोडलाय."

मी काही बोलायच्या आत त्याने पुढचे विचारले. "काल आपण ज्या गल्लीतनं गेलो ना, ती आमची आहे. तुम्ही ती पण दाखवायला आणली होती का सर?"

मास्तराला प्रश्नांची उत्तरे द्यायची सवय असते. उत्तर येत नसले तर 'पुढच्या तासाला सांगतो' म्हणायची त्याहून अधिक. मी तेच केले. तो पुढचा तास अजून आलेला नाही.

तेव्हापासून हा विचार माझ्या मागे लागला आहे. आपण एखादी जागा दुसऱ्याला 'दाखवतो' म्हणजे नेमके काय करतो? दाखवणारा नकळत त्या जागेचा मालक होतो. तो सांगेल ते पाहायचे, तो वगळेल ते नाही. जोगेश्वरीच्या लेण्यांत मी पाहुण्यांना सहाव्या शतकातला विस्तीर्ण मंडप दाखवतो आणि वरच्या वस्तीतून झिरपणाऱ्या पाण्याबद्दल नाक मुरडतो. पण तिथे देवीच्या दर्शनाला येणाऱ्या बाईला ते स्थळ 'अपरिचित' आहे काय? तिची सासू तिथे येत होती. अपरिचित आहे ते मला, आणि माझ्या अपरिचयालाच मी त्या जागेचा गुण म्हणून मिरवतो! 'मुंबईतील अज्ञात स्थळे' असे लिहिताना आपण हिशेबात कोणाला धरत नाही, हे त्या मुलाने विचारीपर्यंत मला कळले नव्हते.

मग गप्प बसावे काय? काही दिवस मी तसेही ठरवले होते. दाजींना फोनवर सांगून टाकले की आता गेटवेच बरा. पण आमच्या शाळेतले इतिहासाचे शिक्षक वयाने मोठे आणि जिभेने तिखट आहेत. ते म्हणाले, "तुम्ही गप्प बसलात म्हणजे जागा वाचली, असं समजू नका." त्यांनी मला मैलाच्या दगडांची गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या काळी मुंबईतली अंतरे कोटातल्या सेंट थॉमस चर्चपासून मोजत. चर्चगेटचे नाव ज्याच्यावरून पडले ते हे चर्च, १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेले. तिथून एकेका मैलावर काळा दगड रोवलेला, त्यावर रोमन आकडा. शंभराहून अधिक वर्षे ते रस्त्याकडेला होते. कोणी त्यांच्यावर हातोडा चालवला नाही. नुसते पदपथ उंच होत गेले, डांबरावर डांबर चढले आणि दगड गळ्यापर्यंत बुडाले. काही दिसेनासेच झाले. अलीकडे काही जाणत्या लोकांनी पिच्छा पुरवला, म्हणून ते उकरून पुन्हा उभे केले गेले. "ह्यांना कोणी लुटलं नाही," शिक्षक म्हणाले, "कोणी पाहिलंच नाही, एवढंच. आणि तुमचा डोंगर तरी कोणी वाचवला? त्याचं मोल दगडाच्या भावापेक्षा जास्त आहे, असं ओरडून सांगणाऱ्यांनीच ना?"

हे मला मान्य करावे लागले. न बोलण्यात पुण्य आहे असे मला वाटत होते. त्यात बराचसा आळस होता, आणि थोडा रुसवाही. एका बारा वर्षांच्या मुलापुढे खजील झाल्याचा तो रुसवा होता. पण शिक्षकांच्या युक्तिवादाने त्या मुलाचा प्रश्न सुटत नव्हता. डोंगर वाचवा असे सांगायला आजोबांना लोभी म्हणावे लागते का?

शेवटी एका रविवारी मी एकटाच त्या गल्लीत गेलो. मुलगा नळावर उभा होता. मला पाहून हंडा तिथेच ठेवून घरात पळाला. त्याच्या आईने डोक्यावरचा पदर सारखा करीत खुर्ची पुढे केली. आजोबा दाराबाहेर बाजेवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, हातांची बोटे आखडलेली, एका कानाने ऐकू न येणारे. मी मुलाचा मास्तर म्हटल्यावर त्यांनी नातवाची तक्रार असणार असे गृहीत धरले. तक्रार नाही, मला खाणीबद्दल ऐकायचे आहे, हे पटवायला वेळ लागला.

मग ते बोलू लागले. पहार कशी धरायची, सुरुंगाचे भोक किती खोल, बत्ती दिल्यावर कुठल्या आडोशाला पळायचे. घणाचा पहिला ठोका मारला की दगड सांगतो, म्हणाले. चांगला दगड नाद देतो, चीर असलेला बद्द वाजतो. हे खांबासारखे दगड उभे सुटत म्हणून काम हलके होई, पण सुटलेला खांब कुठे पडेल याचा नेम नसे. असा एक खांब कोसळून त्यांच्या शेजारचा गडी गेला. मजुरी ब्रासावर मिळे, आणि मुकादम ब्रास मोजताना स्वतःच्या सोयीने मोजी. मी ज्याला 'लोभ' म्हटले होते तो एवढा होता. डोंगर फोडून खाल्ला हे शब्दशः खरे होते. फक्त मी समजत होतो त्या अर्थाने नव्हते.

"तुमची शाळा कुठली?" त्यांनी मध्येच विचारले. मी सांगितले.

"कधीची बांधलेली?"

"१९६८ सालची. कोनशिला आहे दारात."

त्यांनी बोटांवर काही मोजले, ती नीट उघडत नव्हती तरी. "मग खडी हितलीच असंल," ते म्हणाले. "तवा त्या बाजूच्या सगळ्या गाड्या हितनंच भरायच्या."

मी ज्या वर्गात उभा राहून बोलतो त्या वर्गाच्या जमिनीखाली काय आहे, हे मला माहीत नव्हते, आणि म्हणे मला ठाऊक नाही अशी मुंबईत जागा नाही! चहा आला. बरोबर बशीत चकल्या होत्या, दिवाळी होऊन महिना झाला होता तरी. निघताना मुलाने मला वर नेले. देवळाकडे नाही, थोडे अलीकडे. पावसाळ्यात कुठल्या चिरेतून पाणी उतरते, कुठल्या खांबावर घारी बसतात, हे त्याने दाखवले. कड्याच्या एका जागी हाताएवढे गोल, सरळ खाली गेलेले भोक होते. "हा सुरुंग लावायचा राहून गेला," तो म्हणाला. आजोबांनी त्याला कधीतरी बोट करून सांगितले होते. मी त्या भोकात हात घातला. आत गार होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात वह्या काढायला सांगितल्या आणि ते वाक्य खोडायला लावले. मुलांना कारण सांगितले. कोणाचे आजोबा, ते सांगितले नाही. एकाने विचारले, "मग त्याच्या जागी काय लिहू सर?" मी तिथे जागा रिकामी ठेवायला सांगितली. परीक्षकांना हे आवडणार नाही, पण सहामाहीचे पेपर मीच तपासतो.

यंदा दाजींचा फोन आला आहे. भाऊबिजेला येतात, गेटवे नको म्हणतात. त्यांना 'तो पेन्सिलींचा डोंगर' पाहायचा आहे, शिवाय बरोबर त्यांच्या गावचे चार जण आहेत. मी हो किंवा नाही काहीच म्हटले नाही. तो मुलगा आता नववीत आहे. शाळा सुटल्यावर त्याला गाठून विचारले, "आमचे पाहुणे आले तर चालतील का रे तुमच्याकडे?"

त्याने जरा विचार केला.

"आणा सर," तो म्हणाला. "पण सकाळी सातच्या आत नको. तेव्हा आमच्याकडे पाणी येतं. गल्लीत हंडे असतात, चालायला जागा नसते."