शास्त्रचर्चेची मर्यादा

शास्त्रचर्चेस मर्यादा असावी काय, असे वासनिक मंडळी वारंवार विचारतात. प्रश्न विचारण्यास आपल्या मार्गात कधीच आडकाठी नव्हती. म्हाइंभट वाद जिंकण्याच्या ईर्ष्येनेच सर्वज्ञांकडे आले होते. पुढे लीळाचरित्र त्यांच्याच हातून सिद्ध झाले. मर्यादा हवी ती उत्तर देणाऱ्यास. केशिराजबासांनी लीळांतून वचने वेचून सूत्रपाठ रचला. सूत्र संक्षिप्त, ते प्रकरणावेगळे काढले की त्यातून हवा तो अर्थ पिळता येतो. कोणास, कोणत्या प्रसंगी स्वामींनी ते निरूपिले, हे ‘प्रकरणवशा’त पाहावयाचे, पण पंडित म्हणविणारेही ते उघडीत नाहीत, हे नवल! जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर या चार पदार्थांवर प्रहरभर बोलणे अवघड नाही. परंतु नुकत्याच मार्गास लागलेल्या श्रोत्यापुढे खंडनमंडनाची झुंज मांडली, तर त्याचे होते ते नामस्मरणही सुटते, आणि ही हानी वक्त्याच्या ध्यानीही येत नाही. सूत्राबरोबर त्याची लीळा सांगितली, तर तोच श्रोता स्थिरावतो. श्रीनागदेवाचार्यांनी केशिराजबासांना संस्कृत रचनेपासून परावृत्त केले, ते अशाच श्रोत्यांकडे पाहून. केशिराजबासांची विद्वत्ता ते जाणत होते. पण मराठीच जाणणाऱ्या म्हाताऱ्या धर्मास अंतरतील, ही त्यांची चिंता होती.