परका आणि शत्रू

परका तो शत्रू नव्हे, हे तत्त्व नीतिशास्त्रास मान्य आहे. परंतु ते आचरणात आणणे किती दुर्घट, याचा दाखला प्रत्यक्ष मनुष्यदेहातच मिळतो. बर्च हा आपल्या हिमालयातील भूर्जाचा सगोत्र वृक्ष. उत्तर युरोपात वसंतऋतूत त्याचे पराग वाऱ्यावर पसरतात. त्यांत ना विष, ना रोगजंतू; तरीही कित्येक माणसे शिंकांनी हैराण होतात. असे का व्हावे?

पराग प्रथम देहात शिरतो, तेव्हा काहीच जाणवत नाही. पण पहारेकरी पेशी त्यातील ‘बेट व्ही १’ नामक प्रथिनाचे तुकडे करून ते टी-पेशींपुढे मांडतात. तेथे चुकीचा निवाडा झाला, की बी-पेशी ‘आयजीई’ ही प्रतिद्रव्ये घडवितात. ती १९६६ साली इशिझाका दांपत्याने ओळखली. ही प्रतिद्रव्ये मास्ट-पेशींवर ठाण मांडून बसतात. पुढील वसंतात त्याच प्रथिनाने शेजारच्या दोन प्रतिद्रव्यांस एकत्र जोडले, की मास्ट-पेशी हिस्टामिन ओततात. म्हणजे इजा पाहुण्याने केलेली नसून घरच्या पहारेकऱ्याने केलेली असते!

कोणी म्हणेल, पहारेकऱ्याने आपले कर्तव्यच केले. त्याची निष्ठा आम्हांसही मान्य आहे. परंतु निष्ठेने निवाड्यातील चूक शुद्ध होत नाही. निष्ठा जितकी कडवी, तितकी ती चूक अधिक घातक. शिवाय ती एके ठिकाणी थांबत नाही. प्रतिद्रव्य संपूर्ण पराग ओळखीत नाही. प्रथिनाच्या पृष्ठभागाचा अल्पसा आकार तेवढा ओळखते. सफरचंदातील एका प्रथिनाचा आकार तसाच असल्यामुळे, बर्चपरागाने त्रस्त अशा अनेकांच्या तोंडास सफरचंद खाताच खाज सुटते. पूर्वग्रहाची रीत हीच नव्हे काय? एकाविषयीचा संशय त्याच्यासारखे नाव वा वेष असणाऱ्या दुसऱ्यावर जाऊन बसतो.

१९११ साली लंडनच्या लिओनार्ड नून यांनी तृणपरागाचा अर्क अल्प मात्रेपासून क्रमाने वाढवीत रोग्यांस टोचला. ही पद्धती आजही चालते. तीस सामान्यतः तीन वर्षे लागतात. तिने जुनी प्रतिद्रव्ये नाहीशी होतातच असे नाही. पण त्यांस आवर घालणाऱ्या पेशी व निराळी प्रतिद्रव्ये उत्पन्न होतात. पहारा उठवावा लागत नाही. परिचय वाढवावा लागतो.

दृष्टान्तास मर्यादा आहे, हे आम्ही जाणतो. पेशीस विवेक नाही, म्हणून तिला दोष देता येत नाही. मनुष्यास तो आहे. थोडाथोडा परिचय करून घेण्याची तसदी न घेता परक्यास शत्रू ठरविणाऱ्याने पेशीचे निमित्त पुढे करू नये.