मुखवट्याआडचा न्याय

अचाट सामर्थ्याच्या नायकाची कथा आपल्या लोकांस नवी नाहीं. ज्या देशांत भीम व मारुति यांच्या गोष्टी ऐकत मुलें मोठीं होतात, तेथें तोंड झांकून अन्यायाशीं झुंजणाऱ्या वीराचा चित्रपट पाहून कोणास नवल वाटण्याचें कारण नाहीं. तेव्हां अशा चित्रपटावर ‘हें शक्य आहे काय?’ असा आक्षेप घेणें आम्हांस अरसिकपणाचें वाटतें. न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षां पटण्याजोगी अशक्य गोष्ट कवीनें पत्करावी, असा निर्वाळा ॲरिस्टॉटलनें आपल्या काव्यशास्त्रांत देऊनच ठेविला आहे. प्रश्न शक्याशक्यतेचा नसून पटण्याचा आहे. आणि माणसाचें वर्तन पटतें तें त्याच्या बाहुबळानें नव्हे, त्याच्या हेतूंच्या सुसंगतीनें. या कसोटीवर विक्रमादित्य मोटवानी यांचा २०१८ सालचा ‘भावेश जोशी सुपरहीरो’ हा हिंदी चित्रपट घांसून पाहावा, असें आम्हीं योजिलें आहे.

हाच चित्रपट निवडण्याचें कारण उघड आहे. तो मुंबईंतील पाण्याच्या चोरीविषयीं आहे, आणि आम्ही राहतों त्या बुलढाणा जिल्ह्यांत पाणी हा करमणुकीचा विषय नव्हे. चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहणारीं गांवें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस पाणी चोरणारा खलपुरुष ही कल्पना अतिशयोक्तीची वाटणार नाहीं.

कथा थोडक्यांत अशी. २०११ सालच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनांत भावेश व सिकंदर ऊर्फ सिकू हे तरुण असतात. डोक्यावर कागदी पिशव्या घालून ते लहानसहान गैरवर्तनास जाब विचारूं लागतात. पुढें आंदोलनाचा भर ओसरतो. सिकूस परदेशीं जाण्याची संधि येते, आणि पासपोर्टाच्या चौकशीसाठीं तो पोलिसास लाच देतो. भावेशला हें सहन होत नाहीं व मैत्रीस तडा जातो. नंतर पाणी चोरणाऱ्या टोळीच्या मागावर गेलेला भावेश मारला जातो, आणि त्याच्या मृत्यूनंतर सिकू त्याचा मुखवटा स्वतः चढवितो.

या कथेंतील सर्वांत बलवान प्रसंग मारामारीचा नसून लाचेचा आहे. सिकू दुष्ट नाहीं. तो तुमच्या-आमच्यांतलाच एक शिकलेला, उतावळा तरुण आहे. सगळेच देतात, आपण न दिल्यानें जग सुधारणार थोडेंच, ही त्याची विचारसरणी कोणत्या सुशिक्षित घरांत ऐकूं येत नाहीं? येथें लेखकांनीं एक खरा नैतिक प्रश्न हातीं घेतला आहे: जो मोठ्या अन्यायाविरुद्ध घोषणा देतो, त्यानें आपल्या सोयीसाठीं केलेला लहान अन्याय कोणत्या खातीं मांडावा? दुर्दैवानें प्रश्न विचारून झाल्यावर चित्रपट त्याचें उत्तर देण्याचें टाळतो. उत्तरार्धांत व्यायाम, मुष्टियुद्ध व दुचाकीवरील पाठलाग यांचीच गर्दी होते, आणि लाच देणारा सिकू बघतां बघतां प्रेक्षकांच्या विस्मरणांत जातो.

ही आमच्या मतें कथानकाची नव्हे, स्वभावचित्रणाची चूक आहे. सिकूच्या मनांत जें पेटलें आहे तें न्यायप्रेम कीं पश्चात्ताप कीं सूड? मित्र मेला नसता तर पाणी चोरलें जातच राहिलें असतें आणि सिकू सुखानें परदेशीं गेला असता. म्हणजे त्याचें ऋण तहानलेल्या लोकांचें नसून एका मृत मित्राचें आहे. असें ऋण फेडणें माणुसकीचें खरें, परंतु त्यास न्याय हें नांव देतां येत नाहीं. शिवाय फेडीचा मार्गहि विलक्षण आहे. लाच सिकूनें स्वतःच्या नांवानें दिली. प्रायश्चित्त मात्र तो दुसऱ्याच्या मुखवट्याआड घेतो.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथांत गायजीसच्या अंगठीची कथा आहे. ती अंगठी फिरविली कीं माणूस अदृश्य होई. कोणी पाहत नसतां माणूस न्यायी राहील काय, असा प्रश्न त्या कथेच्या निमित्तानें तेथें उपस्थित केला आहे. मुखवटा ही तशीच अंगठी होय. तो घालणारा चोरी करीत नाहीं, शिक्षा करतो, एवढाच भेद. परंतु त्याची शिक्षा चुकली तर जाब कोणास विचारावयाचा, हा प्रश्न तसाच उरतो.

यावर कोणी कीचकवधाचा दाखला देईल. भीमानेंहि वेषांतरांत व रात्रींच तें कृत्य केलें, हें खरें. परंतु त्याआधीं द्रौपदी विराटाच्या सभेंत उघड्या तोंडानें न्याय मागण्यास गेली होती व राजा स्वस्थ बसला होता, हा क्रम विसरतां कामा नये. खाडिलकरांच्या १९०७ सालच्या ‘कीचकवध’ नाटकांत लोकांस आपली स्थिति दिसली आणि १९१० सालीं सरकारनें त्यावर बंदी घातली, याचें मर्महि तेंच आहे: उघडें दार बंद झालें कीं आडवाटेस अर्थ येतो. भावेशनें तें दार ठोठावून पाहिलें होतें, म्हणून त्याचा मृत्यु मनास चटका लावतो. सिकूच्या वांट्यास ती पुण्याई केवळ वारशानें आली आहे.

योगायोग असा कीं, या चित्रपटांत खलनायकाची भूमिका करणारे निशिकांत कामत (ते २०२० सालीं निवर्तले) यांनींच २००५ सालीं ‘डोंबिवली फास्ट’ हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला होता. त्यांतील माधव आपटे हा बँकेंतील साधा नोकरदार. त्याच्या हातांतील बॅटीचें समर्थन आम्ही करणार नाहीं. परंतु तो जें करतो तें उघड्या तोंडानें करतो, त्याची किंमत स्वतः मोजतो, आणि त्याच्या मरणास चित्रपट विजय म्हणत नाहीं. म्हणूनच त्याचा अतिरेकहि पटतो.

कोणी म्हणेल, करमणुकीस एवढें तोलणें कशास? आमचें उत्तर असें कीं, घरांतील मुलें या कथांतूनच शौर्याची व्याख्या शिकतात. प्रामाणिकपणास अचाट बळ लागतें असें एकदां मनांत ठसलें, कीं बळ नसलेल्यास आपोआप सूट मिळते. अशा रीतीनें नायक आमचें कर्तव्य आमच्या खांद्यावरून उतरवून घेतो व आम्ही टाळ्या वाजवून मोकळे होतों.

वास्तविक पाण्याच्या कामीं लागणारें धैर्य फार निराळें आहे. टंचाईंत गांवाकडून टँकरची मागणी जाते, पाहणी व मंजुरी होते, आणि पुढें प्रत्येक खेपेची नोंद होऊन तिजवर गांवच्या माणसाची सही घेतली जाते. समजा, न आलेल्या खेपेवर सही करण्याचा आग्रह कोणी धरला. त्या वेळीं नाहीं म्हणणें आणि दुसऱ्या दिवशीं त्याच गांवांत, त्याच नांवानें राहणें, यास मुखवट्याचा कांहींच उपयोग नाहीं. चित्रपट आला त्याच २०१८ सालीं आमच्या जिल्ह्यांत जुन्या तलावांतील गाळ उपसण्याचें मोठें काम चाललें होतें. महामार्गाच्या भरावास लागणारी माती तलाव व नाले खोल करून घ्यावयाची, या पद्धतीस पुढें ‘बुलढाणा पॅटर्न’ असें नांव पडलें. त्या कामाचा नायक म्हणून एकाच माणसाकडे बोट दाखवितां येणार नाहीं.

चित्रपटानें गाळ उपसण्याची कथा सांगावी असा आमचा हट्ट नाहीं. त्यानें स्वतःच मांडलेला प्रश्न शेवटास न्यावा, एवढेंच आमचें मागणें. ज्यास लाच दिली त्याच्यापुढें सिकू पुन्हां एकदां उघड्या तोंडानें उभा राहिला असता, तर त्या एका प्रसंगास साऱ्या पाठलागांहून अधिक धैर्य लागलें असतें, आणि तें धैर्य पाहणाऱ्या प्रत्येकास आपल्याहि आवांक्यांतलें वाटलें असतें.