समुपदेशन आणि दुःखाचे अर्थनिर्णयन

‘कौन्सेलिंग’साठी मराठीत रूढ झालेल्या ‘समुपदेशन’ या संज्ञेत ‘उपदेश’ दडलेला आहे. कार्ल रॉजर्स यांनी १९५१ च्या ग्रंथात विशद केलेल्या व्यक्तिकेंद्री उपचारपद्धतीत मात्र उपदेश वर्ज्य असून ऐकणे हीच मुख्य कृती ठरते. हा विरोध केवळ शाब्दिक नाही. दुःखाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हा नैतिक प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

यंत्रमागांच्या भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या. तेथील एखाद्या माग कामगाराने निद्रानाशाची तक्रार मांडली, तर दुःखाचे स्थान कोठे मानावयाचे? अल्बर्ट एलिस यांच्या, आणि मराठीत कि. मो. फडके यांनी रुजविलेल्या, विवेकनिष्ठ मानसोपचारानुसार ते घटनेविषयीच्या अविवेकी समजुतीत असते. सत्यनारायण गोयंका यांनी इगतपुरीच्या केंद्रातून प्रसृत केलेल्या विपश्यनेनुसार ते संवेदनेला मन देत असलेल्या राग-द्वेषमूलक प्रतिक्रियेत असते. दोन्ही दृष्टींमुळे माणसाला स्वतःच्या हाती असलेल्या गोष्टींचे भान येते, हे त्यांचे सामर्थ्य निर्विवाद आहे. परंतु याच वाटेने अन्यायाचे रूपांतर पीडिताच्या मनोदोषात होण्याचा धोकाही संभवतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बुद्धचरित्र (१९५७) येथे वेगळे वाचन पुढे ठेवते. वृद्ध, रोगी आणि प्रेत यांच्या दर्शनाने घडलेला गृहत्याग त्यांनी नाकारला आणि त्याजागी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात उद्भवलेला संघर्ष ठेवला. कथानकातील या बदलाने दुःखाचे निदानच बदलते: ते माणसा-माणसांतील संबंधांत वसते.

१९८४ नंतरच्या भिवंडीत या निदानाशी सुसंगत अनुभव आढळतो. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांचे लोक एकत्र बसून कुरबुरी ऐकू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. हा मानसोपचार नव्हे. तरीही भयाचा उगम संबंधांत आहे, हे ओळखणारे ते ऐकणे होते.

अर्थात, एका माणसाची रात्रीची तगमग समितीच्या बैठकीत ऐकली जात नाही. तेथे समुपदेशकाची खोलीच हवी. मात्र त्या खोलीत दुःखाचे स्थान आधीच निश्चित झालेले असेल, तर उरतो तो उपदेश. ऐकून होईपर्यंत निदान स्थगित ठेवणे, ही समुपदेशनाची केवळ पद्धत नसून त्याची नीती होय.