परक्या ओटीतले मूल

तान्हे मूल दत्तक घेण्यासाठी सातासमुद्रापार निघालेल्या दाम्पत्याविषयी सहसा आनंदाच्या सुरातच लिहिले जाते. वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, कागदपत्रांची भेंडोळी, व्हिसासाठी घातलेले खेटे आणि अखेर एका अनोळखी शहरातील शिशुगृहात कोणीतरी हातांत ठेवलेला तो इवलासा जीव. त्या आनंदात खोटे काही नसते. परंतु ही कथा बहुधा एकाच टोकाकडून सांगितली जाते. मूल जिथे पोहोचते तेथून ती सांगितली जाते. ते जिथून निघते तेथून क्वचितच. युरोप-अमेरिकेतील दाम्पत्ये ज्या परदेशात मूल आणायला येतात, तो परदेश म्हणजे आपणच आहोत. जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी, जिथून पुण्याला जायचे तर एसटीत रात्र काढावी लागते, तेथे राहून या प्रवासाकडे पाहिले की आनंदाबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. जन्मभूमी, जन्मभाषा आणि जन्मदात्री यांच्यापासून एका जिवाला इतक्या दूर नेण्याचा अधिकार माणसाला आहे काय? आणि असलाच, तर तो कशाने प्राप्त होतो?

एक सुपरिचित उदाहरण घेऊ. 13 ऑगस्ट 1979 रोजी पुण्यात जन्मलेली एक मुलगी ससून रुग्णालयाशी निगडित असलेल्या ‘श्रीवत्स’ या शिशुगृहात आली. तेथे तिला लैला म्हणत. अमेरिकेत राहणारे, मूळचे भारतीय हरेन स्थळेकर आणि त्यांच्या इंग्रज पत्नी सू हे तेव्हा मूल दत्तक घेण्यासाठी भारतात आले होते. त्यांना मुलगा हवा होता. पण त्यांच्यासमोर आली ती ही मुलगी, आणि ते तिलाच घेऊन परतले. लैलाची लिसा झाली. अमेरिका, केनिया असे करीत ती ऑस्ट्रेलियात वाढली. एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा आणि शंभर बळी ही दुहेरी कामगिरी करणारी ती जगातील पहिली महिला ठरली. 2013 साली मुंबईत विश्वचषक जिंकून तिने निवृत्ती घेतली.

ही हकीकत सांगताना आपण शेवटावर, म्हणजे यशावर, थांबतो. जणू विश्वचषक हाच त्या प्रवासाचा न्याय्यपणा! समजा, लिसा सिडनीतील एखाद्या कचेरीत साधी कारकून झाली असती, तर तिला नेणे चूक ठरले असते काय? मुळीच नाही. आणि उलट, दत्तक मूल मोठे होऊन कीर्तिमान झाले म्हणून ते नेताना झालेला अन्याय पुसला जातो काय? तेही नाही. फळावरून झाड ओळखावे हे खरे. पण माणसाचे यश हे या झाडाचे फळ नव्हे. या कथेतील नैतिक महत्त्वाची घटना मैदानावर घडली नाही, ती शिशुगृहात घडली. ‘आम्हांला मुलगा हवा’ हे मनात धरून आलेली दोन माणसे समोरच्या मुलीला पाहून आपली अट विसरली. जे हवे होते ते बाजूला राहिले आणि जी समोर होती ती आपली झाली. निवड करायला आलेल्यांचे स्वीकार करणाऱ्यांत रूपांतर झाले.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मानवी आणि दैवी दत्तकविधानातील भेद दाखविला आहे. त्यांच्या मते माणूस दत्तक घेताना आधीच लायक असलेल्याला निवडतो. परमेश्वर मात्र ज्याला आपलेसे करतो त्याला आपल्या कृपेने वारशास लायक बनवितो. हा भेद आपल्या समाजात आजही जसाच्या तसा दिसतो. रंग गोरा असावा, मूल निरोगी असावे, वयाने अगदी लहान असावे, म्हणजे त्याला काही आठवणार नाही, अशी यादी घेऊन कितीतरी दाम्पत्ये संस्थेची पायरी चढतात. ज्याच्या पायात व्यंग आहे, ज्याच्या हृदयाला दोष आहे, जे सहा-सात वर्षांचे झाले आहे, ते मूल मागे राहते.

मूल कोणासाठी, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. पूर्वीचे दत्तकविधान हे प्रामुख्याने घेणाऱ्यासाठी होते. वंश चालावा, पिंडदान व्हावे, वतन टिकावे यासाठी मुलगा घेतला जाई. 1853 साली झाशीच्या गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी घेतलेला दत्तक हा राज्याच्या वारशाचा प्रश्न होता, आणि डलहौसीने तो नाकारला तोही राज्यासाठीच. त्या बालकाचे स्वतःचे हित काय, हे विचारण्याची रीतच नव्हती.

ही दृष्टी आपल्या देशात स्पष्ट शब्दांत उलटविली ती सर्वोच्च न्यायालयाने. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी 1982 साली न्यायालयास पत्र लिहून परदेशी दत्तक देण्यातील गैरप्रकारांकडे लक्ष वेधले. ते पत्रच याचिका मानण्यात आले आणि फेब्रुवारी 1984 मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. त्याचा गाभा असा : मुलाचा पहिला हक्क आपल्या आईवडिलांच्या प्रेमावर, ते शक्य नसेल तर आपल्या देशातील कुटुंबावर, तेही न मिळाले तरच परदेशातील घराचा विचार. जन्मापूर्वी किंवा जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत आईला मूल देण्याचा निर्णय घ्यायला लावू नये, असेही न्यायालयाने सांगितले. 1993 च्या हेग करारात हाच क्रम जगाने मान्य केला आणि 2003 साली भारताने त्यावर शिक्कामोर्तब केले. 2015 च्या कायद्याने मूल सोपविणाऱ्या मातापित्यांना फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. कायद्याच्या रुक्ष भाषेतील ही मुदत मला फार मोलाची वाटते. बाळंतपणाच्या वेदनेत, लोकलाजेच्या धाकात, रिकाम्या पोटी केलेली सही ही खरी संमती नव्हे, हे तीत मान्य केले आहे.

आपण ख्रिस्ती लोकांनी येथे क्षणभर थांबावे असे काही आहे. संत पौलाने आपल्या तारणाचे वर्णन करताना जो शब्द निवडला तो दत्तकपणाचा. आपण सारेच देवाच्या घरातील दत्तक मुले आहोत, हा आपल्या श्रद्धेचा कणा. परंतु याच देशात ख्रिस्ती दाम्पत्याला मूल कायदेशीरपणे दत्तक घेण्याची सोय दीर्घकाळ नव्हती. 1956 चा कायदा हिंदूंपुरता होता. ख्रिस्ती कुटुंबाला 1890 च्या कायद्याखाली केवळ ‘पालक’ होता येई. मूल सज्ञान झाले की कायद्याच्या दृष्टीने ते नातेही संपे. 2000 साली मुंबई उच्च न्यायालयाने डिसोझा दाम्पत्याच्या प्रकरणात ख्रिस्ती मातापित्यांचा दत्तकाचा हक्क मान्य केला; पुढे बालन्याय कायद्याने तो सर्व धर्मीयांना खुला झाला. म्हणजे आता ‘कायदा नाही’ ही सबब आपल्याजवळ उरलेली नाही.

पवित्र शास्त्रात दत्तकाच्या दोन कथा आहेत आणि दोन्हींत सरहद्द आहे. संत योसेफ आपल्या रक्ताच्या नसलेल्या बाळाला घेऊन रातोरात मिसर देशी निघाला. तो प्रवास बाळासाठी होता, योसेफाची कोणतीही इच्छा त्याने पुरी होणार नव्हती. आणि बाळाची आई त्याच्याबरोबर होती. दुसरी कथा मोशेची. फारोच्या कन्येने लव्हाळ्यातील पेटीतून मूल उचलले आणि त्याला दूध पाजण्यासाठी जी दाई वेतन देऊन ठेवली, ती त्याची जन्मदात्रीच होती. राजकन्येला हे ठाऊक होते की नव्हते, शास्त्र सांगत नाही. पण परिणाम असा झाला की मोशे राजवाड्यात वाढला, तरी आपले लोक कोण हे तो विसरला नाही. दत्तक घेतलेल्या घराने त्याची मुळे तोडली असती, तर पुढे तो कोणाला सोडवायला निघाला असता?

मुळांचा हा प्रश्न काल्पनिक नाही. 1973 साली पुण्यातून तान्हेपणी जर्मनीत गेलेले अरुण डोहले यांनी मोठेपणी आपल्या जन्मदात्रीचा शोध सुरू केला. स्वतःच्याच जन्माचे कागद पाहण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. प्रेमळ घर मिळाले म्हणजे ‘मी कोणाचा?’ हा प्रश्न विचारण्याचा हक्क संपतो, असे समजणे हा प्रेमाचा अहंकार होय. आणि पैसा मध्ये आला की काय होते हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. 2010 साली पुण्यातील एका दत्तक संस्थेविरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदविला. परदेशी दाम्पत्याच्या एका देणगीत आणि येथील दाम्पत्याच्या ऐपतीत जेथे मोठे अंतर असते, तेथे मुलाला घर शोधण्याऐवजी घराला मूल पुरविण्याचा मोह उत्पन्न होतो. मग आईची दोन महिन्यांची मुदत कोणाला परवडणार?

घरात असणे आणि घरचे असणे यांतील अंतर आमच्या परभणी जिल्ह्याला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई लहानपणी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी पोहोचली आणि तेथेच वाढली. त्या घराने तिला अन्न दिले, भक्तीचे वातावरण दिले. तरी आयुष्यभर तिने स्वतःची ओळख नामदेवाची दासी अशीच सांगितली. भक्ताची नम्रता म्हणून ते थोरच आहे. तरीही प्रत्येक दत्तक घराने स्वतःला विचारावे असा प्रश्न त्यात दडला आहे. आपल्या दारी आलेले लेकरू आपल्याकडे उपकृत म्हणून राहते की हक्काने रुसते, भांडते, मागते? ज्याला उपकाराची आठवण करून दिली जाते, ते मूल दत्तक झालेलेच नसते.

याच्या जोडीला पुण्यातील एक घर आठवावे. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी विधवा गर्भवतींसाठी आपले दार उघडले. तेथे आश्रयाला आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचे मूल त्यांनी 1874 साली दत्तक घेतले; तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. येथे क्रम पाहावा. आधी आईला आसरा, मग मुलाला नाव. आईला उन्हात उभे करून त्यांनी मुलाला सावलीत घेतले नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. आदर्श समाज येईपर्यंत मुलाने संस्थेच्या पाळण्यात पडून राहावे काय? बालपण थांबत नाही. कोणाच्याही मांडीवर न बसलेले एक वर्ष पुढे दहा वर्षांनीही भरून निघत नाही. जन्मभूमीच्या नावाखाली मुलाला अनाथ ठेवणे हा देशाभिमान नव्हे, ते क्रौर्य आहे. म्हणून क्रम पाळला गेला असेल आणि दुसरे दार उरले नसेल, तर सातासमुद्रापलीकडचे घर हे देवाने उघडलेले दार समजावे. तेथे गेलेल्या मुलांत आपल्याकडील यादीत न बसलेली, व्यंग असलेली, वयाने वाढलेली मुले बरीच असतात. त्यांना परदेशाने आपल्यापासून हिरावून नेले असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण त्यांना ठेवून घेतले नाही, हेच सत्य आहे. जो दूरच्या देशातून आला त्याने त्यांना लायक ठरविण्याची वाट पाहिली नाही. या बाबतीत तो अक्वायनस सांगतात त्या दैवी रीतीच्या अधिक जवळ आहे.

तेव्हा अधिकार कशाने प्राप्त होतो, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते असे आहे : मूल उचलणाऱ्याच्या प्रेमाने तो प्राप्त होतो खरा, पण एकट्या त्याच्या प्रेमाने नव्हे. त्याच्या आधी जी पावले पडायला हवी होती, ती पडली असतील तरच. आणि ती पावले विमानतळावर पडत नाहीत. ती आमच्यासारख्या गावांत पडतात किंवा पडत नाहीत. जिंतूर तालुक्यातील वाड्या-तांड्यांवरून दसरा झाला की उचल घेऊन ऊसतोडीला जोडपी निघतात. कोयता दोघांचा, बाई गरोदर असो की ओली बाळंतीण, फडावर हजर राहावेच लागते. त्यांतील एखादी टाकून दिलेली, एखादी फसविली गेलेली. तिला मूल झाले तर गावात तिच्यासाठी शब्द तयार असतात, भाकरी तयार नसते. अशी आई शेवटी मूल सोडते तेव्हा आपण म्हणतो, ‘तिने टाकले.’ तिच्या आधी तिला कोणी कोणी टाकले, याची मोजदाद आपण करीत नाही.

धर्मग्रामाचे काम तेथून सुरू होते. एखाद्या मुलीचे पाऊल घसरले असे कळले तर कुजबुज थांबवून तिच्या घरी जाणे. तिला धर्मभगिनींच्या दवाखान्यापर्यंत नेणे. मूल ठेवायची तिची इच्छा असेल तर ते ठेवता यावे इतकी वर्ष-दोन वर्षांची सोबत करणे. ठेवता येणार नसेल, तर चोरून नव्हे, बाल कल्याण समितीपुढे, तिच्या पूर्ण संमतीने ते सोपविणे, आणि आपल्यापैकी एखाद्या मूल नसलेल्या, किंवा मूल असलेल्याही, दाम्पत्याने यादी न करता पुढे होणे. आणि एवढे करूनही जे मूल दूरदेशी जाईल, त्याला निरोप देताना त्याच्या आईसाठीही मिस्सामध्ये प्रार्थना करणे. कारण त्या मुलाने एक घर मिळविले असले, तरी या देशात कोठेतरी एका बाईची ओटी रिकामी झालेली आहे. तिचे नाव आपल्याला ठाऊक नसते. पण ज्याने मोशेच्या आईला तिचे लेकरू पुन्हा कुशीत दिले, त्याला ते ठाऊक आहे.