मूर्तीचा कारखाना कोणाचा?

गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाने देवाच्या मूर्ती करून विकाव्यात की नाही, असा प्रश्न आमच्या पेण-रोह्याकडे हरिपाठ आटोपल्यावर मंडळी बसली की अधूनमधून निघतो. कोणी म्हणतो, देव विकून पोट भरायचं म्हणजे काय? दुसरा म्हणतो, मग कुंभाराने करायचं काय? आणि गोष्ट तिथेच राहते, कारण तोवर चहा येतो.

आमच्या मते हा प्रश्न फारसा अवघड नाही. वारकरी पंथात धंद्याला कमीपणा कधीच नव्हता. सावतोबांनी मळा सोडला नाही, सेना महाराजांनी हजामतीची धोकटी सोडली नाही, आणि नरहरी सोनारांनी तर प्रत्यक्ष पांडुरंगाच्या कमरेचा करगोटा घडवला, तोही सावकाराचे काम म्हणून घेतलेला. देवासाठी काम करून मजुरी घेणे हे पाप असते तर नरहरी महाराजांची कथा आपण कीर्तनात सांगितलीच नसती. गणपती आपला देव नव्हे, असेही कोणी म्हणू नये. माउलींनी ज्ञानेश्वरीचा आरंभच गणेशाला वंदन करून केला आहे, आणि त्याचे अंग वेदशास्त्रांच्या अक्षरांनी घडवून दाखवले आहे.

तेव्हा मूर्ती विकावी की नाही, हे बाजूला ठेवू. विचारायचे ते असे, की ज्या कारखान्यात ती होते तो कारखाना कोणाचा? त्याचा नफा कोणाच्या पदरात पडतो आणि त्याचा भार कोणाच्या डोक्यावर जातो? हा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि पेण तालुक्यात तो आज दारात येऊन बसला आहे.

पेणच्या बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगावे लागेल. पेण शहर आणि तालुक्यातली हमरापूर, जोहे, कळवे ही गावे म्हणजे गणपतीचे माहेर. ही कला इथे शंभर वर्षांहून जुनी आहे. लोकमान्यांनी 1893 साली उत्सव सार्वजनिक केला, आणि पुढे मागणी वाढत गेली तशी पेणची मूर्ती मुंबई-पुण्याला आणि तिथून परदेशी गेली. कारखाना म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे धुराडे येईल. तसे काही नाही. पुष्कळ ठिकाणी घराची पडवी, पुढे घातलेला मांडव, फळ्यांच्या मांडण्या आणि त्यांवर ओळीने बसलेले शेकडो गजानन, एवढाच कारखाना. एक माणूस साच्यात माती दाबतो, दुसरा साचा उघडून हात-सोंड जोडतो, तिसरा ओल्या बोटाने अंग साफ करतो, बायका रंग देतात, आणि सगळ्यांत शेवटी ज्याचा हात बसलेला आहे तो डोळ्यांची आखणी करतो. त्या आखणीच्या वेळी पडवीत कोणी मोठ्याने बोलत नाही. पुष्कळ मूर्ती रंग न देता कच्च्याच दुसऱ्या गावांना जातात आणि तिकडे रंगतात. हमरापूर-जोह्याकडे असे घर शोधावे लागेल जिथे या कामाचा एक तरी पैसा येत नाही.

पूर्वी हे सारे शाडूत होत असे. ही माती गुजरातेतून येते. शाडूची मूर्ती जड, वाळायला सावकाश, वाहतुकीत बोट मोडणारी, आणि पाण्यात घातली की काही तासांत विरणारी. मग प्लॅस्टर आले. चिरोडीचा, म्हणजे जिप्समचा, दगड दीडशे अंशांच्या आसपास तापवला की त्यातले बरेचसे पाणी उडते आणि पांढरी पूड राहते. तिच्यात पुन्हा पाणी घातले की काही मिनिटांत दगड होतो. साच्यात काथ्या घालून प्लॅस्टर ओतले की मूर्ती पोकळ होते, हलकी होते, मजबूत होते. एका कारागिराच्या हातून दिवसाला निघणाऱ्या मूर्ती वाढल्या, भाव उतरला, आणि ज्या घरात दीड फुटाचा गणपती कधी परवडला नसता तिथेही तो बसला. प्लॅस्टर म्हणजे केवळ लोभ असे जे म्हणतात त्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. गरिबाचीही हौस त्याने पुरवली आहे.

पण दगड तो दगड. एक लिटर पाण्यात ही चिरोडी जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. मूर्ती नदीत सोडली की ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. आणि रंगांत शिसे, पारा असे काही असले तर ते निराळेच. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भोगावतीच्या किंवा कुंडलिकेच्या काठी जो गेला असेल त्याला अधिक सांगणे नको. ज्याची आपण दहा दिवस आरती केली त्याचा हात चिखलात वर आलेला पाहून कोणाच्या पोटात कालवत नाही? व्रताचे नाव 'पार्थिव गणेशपूजन'. पार्थिव म्हणजे मातीचे. नावातच सांगून ठेवले होते.

सरकार-दरबारी काय झाले ते थोडक्यात: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 मध्ये विसर्जनाचे नियम घातले, 12 मे 2020 रोजी ते सुधारून प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली. त्याच वर्षी साथ होती, म्हणून ती पुढे ढकलली गेली. 30 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की आता अंमल करा. मूर्तिकारांच्या संघटना आपले म्हणणे घेऊन उभ्या राहिल्या, आणि 9 जूनला न्यायालयाने मूर्ती करण्यास मोकळीक दिली, मात्र परवानगीवाचून त्या नैसर्गिक पाण्यात सोडू नयेत असे बजावले. पुढे उंच मूर्तींना काही काळाची सवलत मिळाली. कायद्याचे हे असे चालते. एक पाऊल पुढे, अर्धे मागे. त्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाही. कायदा घाटावर उभा राहतो, पडवीत येत नाही. पडवीतला प्रश्न पडवीतल्यांनीच सोडवायचा आहे.

रोह्याकडे यावर एक उत्तर हमखास ऐकू येते. धाटावला रासायनिक कारखाने आहेत, त्यांच्या सांडपाण्याबद्दल नदीकाठच्या लोकांची ओरड जुनी आहे; मग वर्षातून एकदा जाणाऱ्या आमच्या गणपतीनेच काय घोडं मारलं? ऐकायला हे खरे वाटते, आणि कारखान्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण शेजाऱ्याच्या घरात केर आहे म्हणून कोणी आपल्या देवघरात केर टाकत नाही. शिवाय कारखानदार नदीत काही सोडतो तेव्हा तो ते देवाच्या नावाने सोडत नाही. आपण सोडतो, तेही 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून.

इथे गोरोबाकाकांची गोष्ट आठवते. तेरढोकीचे गोरोबा चिखल तुडवत विठ्ठलनामात दंग झाले आणि रांगत आलेले पोटचे मूल पायाखाली आले, ही कथा आपण भक्तीच्या पराकाष्ठेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. परंतु कीर्तनकार बुवा जेव्हा टाळ्या घेऊन पुढे जातात तेव्हा आमचे मन त्या चिखलापाशीच राहते. भक्तीत दंग असलेल्या माणसाच्या पायाखालीही कोणी येऊ शकते, हे त्या कथेत स्पष्ट सांगितले आहे. तिथे पांडुरंगाने मूल परत दिले. पांडुरंग परत देईल असा हिशोब मनात धरून कोणी चिखल तुडवावयाचा नसतो. आज आपल्या उत्सवाच्या पायाखाली नदी आली आहे. आणि बंदी एका रात्रीत आली तर साचेवाला, काथ्या पिंजणारी, पाचशे मूर्तींना पितांबराचा पिवळा रंग देणारी बाई, ही सारी मंडळी येतील. नदीसाठी रडणारे पुष्कळदा या बाईला विसरतात आणि बाईसाठी भांडणारे नदीला. दोघेही आपल्याला एकाच वेळी दिसले पाहिजेत.

म्हणून आम्ही म्हणतो की कारखाना कोणाचा, ते आधी ठरवा. मालक म्हणेल, माझा. जागा माझी, कर्ज माझ्या नावावर. बरोबर आहे. पण ग्राहक तुमच्या दारी आला तो 'पेणचा गणपती' म्हणून आला ना? हे नाव काही एका माणसाने कमावलेले नाही. ते ज्यांची नावे कोणाला आता ठाऊक नाहीत अशा शंभर वर्षांतल्या हातांनी कमावले आहे. देवधरांसारख्या घराण्यांचे नाव लोक घेतात, ते योग्यच; पण त्यांच्या पडवीत माती मळणाराही त्या नावाचा भागीदार आहे. नाव सामाईक असेल तर नावाची जोखीमही सामाईक पाहिजे. चांगल्या वर्षी नफा मालकाचा आणि वाईट वर्षी तोटा मजुराचा, हा हिशोब कोणत्याही दिंडीत चालायचा नाही. दिंडीत प्रत्येकजण भिशी भरतो. ज्याला जमत नाही त्याची दुसरे कोणी भरतात. आणि पंगतीत विणेकऱ्याला व पाणक्याला एकच भाकर मिळते.

असा सामाईक कारखाना आपल्याकडे कधी झालाच नाही, असेही नाही. भंडारा डोंगराच्या शेजारी तळेगाव दाभाडे येथे 1908 साली काचेचा कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांपुढे झोळी धरली आणि माणशी एक पैसा मागितला. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. लोकमान्यांनी पाठबळ दिले. त्या पैसा फंडातून भट्टी पेटली. वाळू, सोडा आणि चुना वितळवून, लोखंडी नळीने फुंकून काच घडू लागली. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे, की तिथे काचेबरोबर माणसे घडवावयाची होती. तरुण शिकले आणि देशभर पांगले. इतर ठिकाणचे काचकारखाने त्यांच्या हातांवर उभे राहिले. एखादा व्यापारी म्हणेल, ही तर बुडीत धंद्याची लक्षणे! आपला कारागीर दुसऱ्याकडे गेला तर रडायचे की हसायचे? तळेगावात त्याला यश मानत.

पेणच्या कलेचा विस्तारही असाच झाला ना? एकाच्या पडवीत शिकलेला पोरगा आपल्या गावी गेला आणि त्याने मांडव घातला. आज मात्र एकाने नवी मूर्ती घडवली की दुसरा तिच्यावरून साचा उतरवतो आणि त्यावरून भांडणे होतात. यात दोन्ही बाजूंना काही म्हणायचे आहे. ज्याने महिनाभर बसून मुखावरचा भाव आणला त्याला काही मिळाले पाहिजे. दुसऱ्याच्या मेहनतीवर बसून भाव पाडणे ही चोरीच. पण शाडू वाळताना तडा जाऊ नये म्हणून काय करावे, जाडी किती ठेवावी, पावसाळी हवेत उब कशी द्यावी, ही विद्या कोणी मुठीत धरू नये. माउलींनी 1290 साली गीता मराठीत आणली ती एवढ्यासाठीच, की थोड्यांच्या मुठीतले सर्वांच्या ताटात पडावे. ज्यांना शाडूचे जुने काम येते ते हात आता म्हातारे झाले आहेत. त्यांच्यापाशी प्लॅस्टरवाल्या पोरांनी जाऊन बसावे आणि त्यांनी हातचे राखू नये.

आता मालकाविषयी. विनोबांचे जन्मगाव गागोदे याच पेण तालुक्यातले. 1951 पासून ते गावोगाव जमीनदाराला म्हणत हिंडले की मला घरातला सहावा मुलगा समजा आणि माझा वाटा द्या. कारखान्याच्या मालकाला असे विचारायला कोणी आले नाही. आम्ही विचारतो. प्लॅस्टरवरून मातीवर यायला दोन-तीन हंगाम लागतील, माल मोडेल, हात मंदावेल. त्या हंगामांत मजुरांचे दिवस कापू नका. तेवढा सहावा मुलगा समजा त्यांना.

पण सर्वांत मोठा मालक अजून राहिलाच, तो म्हणजे विकत घेणारा. अहो, आपणच! आपण श्रावणात दुकानात जातो, उंची बोटाने दाखवतो, आणि भावात घासाघीस करतो. शाडूला वाळायला ऊन लागते, ऊन असते मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत, आणि त्या काळात कारखानदाराच्या हाती पैसा नसतो. तो कर्ज काढतो, माल साठवतो, आणि ऐन पावसात उशिरा आलेली मागणी पुरवायची म्हणून झटपट घट्ट होणारे प्लॅस्टर कालवतो. त्याच्या प्लॅस्टरमध्ये आपली दिरंगाई कालवलेली असते. मंडळांचेही तसेच, वर्गणीची पावतीपुस्तके निघतात तीच आषाढ उलटल्यावर.

आमच्या कोकणातल्या पुष्कळ दिंड्या आषाढात भाताच्या लावणीमुळे निघू शकत नाहीत, त्या कार्तिकात आळंदीला जातात. आळंदीहून परतल्यावर, मार्गशीर्षात, प्रत्येक घराने आपल्या मूर्तिकाराकडे जाऊन मातीच्या मूर्तीचा इसार द्यावा. निम्मी रक्कम तरी द्यावी. मूर्ती हातभर लहान घ्यावी, भाव पाडून मागू नये. मंडळांनी शेजारच्या मंडळांशी बोलून तसेच करावे. आमच्या दिंडीतल्या काही घरांनी यंदा तसे ठरवले आहे. किती घरे झाली ते पौषाच्या अंकात कळवू.